धुतलेली बाटली

करी रोडच्या तळाशीलकर चाळीत बाकीचे लोक माणसाची पारख कपड्यांवरून करत, नोकरीवरून करत, मुलगा कुठल्या शाळेत जातो त्यावरून करत. तिसऱ्या मजल्यावरच्या अंबिका धुरी ती पिंपावरून करत. कोणाच्याही घरी हळदीकुंकवाला गेल्या की कपाळ पुढे आणि नजर मोरीकडे. पिंपाला झाकण आहे का, झाकणावर काय ठेवलंय, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढतात की हात बुडवून लोट्याने, हे सगळं एका नजरेत टिपलं जाई आणि पुढे जन्मभर पुसलं जात नसे. तळमजल्यावरच्या सुंदराबाई पाटकरांच्या नावापुढे बावीस वर्षांपूर्वीच शेरा पडला होता : पिंपाला झाकण नाही, परात ठेवतात, तीसुद्धा आठवण झाली तर.

स्वतःच्या नावापुढे अर्थातच उत्तम. त्यांच्या नळाच्या तोंडाला मलमलीचं दुहेरी फडकं बांधलेलं असे. सासूने बांधलं, म्हणून त्यांनी बांधलं. आठवड्याला ते उकळत, दोरा बदलत, आणि पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना "आमच्याकडे गाळूनच भरतो हो" एवढं वाक्य त्याच्यासोबत फुकट देत.

अशा बाईला विहीण मिळावी ती मृणालिनीबाईंसारखी, हा निव्वळ योगायोग नसावा. मृणालिनीबाई माटुंग्याच्या. त्या कधी अट घालत नसत, त्या "सुचवत" असत. अंबिकाबाईंची लेक अनुजा त्यांची सून, तरी तिचं बाळंतपण माटुंग्यालाच झालं, कारण दवाखाना तिथून दोन मिनिटांवर आहे असं त्यांनी सुचवलं. बारसं तिथेच झालं, कारण हॉल आहे असं सुचवलं. नातू नील चार महिन्यांचा झाला आणि करी रोडच्या आजीकडे अजून एक रात्र राहिला नव्हता. शेवटी येत्या रविवारपासून आठ दिवसांसाठी यायचं ठरलं. त्यावर विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"अंबिकाताई, अहो काही नाही, सहज सुचवते," त्या गोड हसून म्हणाल्या. "गॅलरीच्या कठड्याला जाळी लावता आली तर बरं. गॅसची नळी एकदा बदलून घ्या. आणि पाणी… पाणी तपासून घेता आलं तर आमचा आपला नुसता जीव शांत."

"चार महिन्यांचं पोर," अंबिकाबाई म्हणाल्या, "आईच्या दुधाशिवाय काय पितंय ते?"

"पण अनुजा पिते ना हो. आणि नीलची आंघोळ? तोंडात जातंच."

जाळी लावली. अंबिकाबाईंचा नवरा लवू दोन तास शिडीवर होता आणि शिडीखाली सात जण सल्ला द्यायला होते. नळी बदलली. बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड माळ्यावर गेला, तो अंबिकाबाईंनी स्वतःहून टाकला, म्हणजे विहिणीपेक्षा एक काम जास्त. राहिलं पाणी. आणि पाण्याच्या बाबतीत अंबिकाबाईंना काळजी अशी नव्हतीच, उलट आनंदच होता. त्यांच्या घरचं पाणी कागदावर लिहून कोणीतरी प्रमाणपत्र देणार, ही गोष्ट पंचवीस वर्षं आधीच व्हायला हवी होती.

चाळीचा सेक्रेटरी दीपक राऊळ याने परळच्या एका लॅबला फोन केला. लॅबमधून रुचा नावाची मुलगी दोन बाटल्या घेऊन आली. एक खालच्या मजल्याला, एक वरच्या, म्हणजे चाळीच्या टाकीचाही अंदाज येईल. खालची सुंदराबाईंना मिळाली, कारण त्या दारातच बसल्या होत्या. पाणी पहाटे साडेपाचला येतं, तेव्हा रुचा येऊ शकत नव्हती. "काकू, कागदावर सगळं लिहिलंय. तुम्हीच भरा, मी नऊला येऊन नेते," म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबिकाबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. पहिलीच ओळ : "बाटली आतून धुवू नये."

"बघितलंत?" त्या लवूला म्हणाल्या. "लोक काय काय करत असतील तेव्हा हे लिहावं लागतं."

मग त्यांनी बाटली उजेडात धरली. तळाला पांढरे कण दिसले. साखरेसारखे. अंबिकाबाईंनी लवूकडे असं बघितलं की जणू तोच ते कण टाकून झोपला होता.

"पावडर राहिलीय आत! असल्या बाटलीत माझं पाणी जायचं?"

"अगो, पण धुवू नको म्हणान लिवला हा ना?" लवूने चहाच्या कपातून मान वर काढली.

"ते ज्यांना धुता येत नाही त्यांच्यासाठी."

त्यांनी बाटली साबणाने घासली. चिंचेनेही घासली असती, पण तोंड अरुंद होतं. मग नळाखाली पाच वेळा विसळली आणि फडक्याची दुसरी, धुतलेली घडी चिमट्याने आत घालून कोरडी केली. मग नळाला नेहमीचं फडकं नीट ताणून बांधलं आणि त्यातून गाळून, एकही बुडबुडा न येऊ देता बाटली भरली. मुलगी बघायला आलेल्यांसमोर पोह्यांची बशी ठेवावी तशी ती ओट्यावर ठेवली.

बुधवारी रिपोर्ट आला. तो दीपकने थेट चाळीच्या ग्रुपवर टाकला, कारण दीपकला कुठलीही गोष्ट खाजगी ठेवायची सवयच नव्हती. तळमजला, खोली चार : पिण्यास योग्य. तिसरा मजला, खोली बत्तीस : पिण्यास अयोग्य, जंतू आढळले.

खोली चार म्हणजे सुंदराबाई. खोली बत्तीस म्हणजे धुरी.

ग्रुपवर मग सुंदराबाईंनी हात जोडलेलं चित्र टाकलं. मग परत एक टाकलं. मग चुकून हसणारं टाकलं आणि पुसलं, पण तोवर अख्ख्या चाळीने पाहिलं होतं.

"बाटल्या बदलल्या," अंबिकाबाईंनी लगेच निकाल दिला. "माझी तिच्या नावावर गेली."

"बदलूक काय ती लग्नातली ताटा आसत?" लवू म्हणाला.

जेवायच्या वेळी मग लवू हळूच म्हणाला, "कोणी माटुंग्याक सांगूचा नाय. दुसरो रिपोर्ट काढूया, तोच दाखवूया. पयलो गेलो गिरणीत."

 अंबिकाबाई नळाकडे बघत होत्या. जाळी बघितली, पाळण्याला घालायचं नवं कापड बघितलं, आणि पहिल्यांदाच मनात आलं ते असं : रिपोर्ट खरा असला तर? मग त्या पोराच्या तोंडात मी काय घालणार होते?

गुरुवारी पहाटे साडेपाचला दुसऱ्या तपासणीचं पाणी भरायला रुचा स्वतः आली. परळहून चालत, हातात पेटी, डोळ्यात झोप. तिच्यामागे जिन्याने सुंदराबाईही वर आल्या, "सहज."

"काकू, बाटली उघडल्यावर काय काय केलंत ते सांगा बघू," रुचा म्हणाली.

अंबिकाबाईंनी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. साबण, पाच वेळा विसळणं, आत फडकं, वर फडकं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की रुचा ओठ आत घेऊन हसू दाबते आहे.

"ते पांढरे कण औषध होतं, काकू. पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवायला. आणि बाटली आतून जंतू मारूनच आणलेली असते. तुमच्या हाताने, तुमच्या फडक्याने तुम्ही जंतू परत घातलेत."

"माझ्या फडक्याला जंतू?"

रुचाने नळाचं फडकं सोडलं आणि नाकाजवळ नेलं. मग अंबिकाबाईंच्या नाकाजवळ धरलं. आठवड्याला उकळलेलं, पण बाकी सहा दिवस ओलंच. ओल्या दप्तरासारखा वास येत होता. हा वास सत्तावीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होता आणि त्यांना तो स्वच्छतेचा वास वाटत आला होता.

"तुम्ही काय केलंत?" रुचाने सुंदराबाईंना विचारलं.

"मी?" सुंदराबाई दचकल्या. "मी काही नाही केलं बाई. झाकण काढलं, नळाखाली धरली, झाकण लावलं. कंटाळाच आला होता."

"बरोब्बर तेच करायचं होतं."

 आयुष्यात पहिल्यांदा सुंदराबाईंचा आळस कुठल्यातरी परीक्षेत पहिला आला होता.

मग रुचाने चिमट्यात कापसाचा बोळा धरला, स्पिरिटमध्ये भिजवला, पेटवला आणि जाळ पितळी नळाच्या तोंडाशी धरला.

"अगो बाय! नळ जाळता ही!" लवू दारातून ओरडला.

"जंतू जाळतेय, काका."

पाणी दोन मिनिटं तसंच वाहू दिलं. ते मोरीत जाताना अंबिकाबाईंनी बादली पुढे सरकवली, मग मागे घेतली. बाटली भरली, झाकण लागलं. जाताना रुचाने सांगितलं : फडकं नको, पिंप ब्लीचिंगने घासा, प्यायचं पाणी उकळा आणि झाकून ठेवा. रिपोर्ट शनिवारी.

शुक्रवारी पिंप गॅलरीत आलं. लवू आत डोकं घालून घासत होता, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. सुंदराबाई दोन वेळा चहा घेऊन आल्या. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "माझं पण घासून देतो काय रे लवू?" त्यावर पिंपातून काहीतरी मालवणीत ऐकू आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. योग्य. अगदी स्वच्छ.

"झाला तर," लवू म्हणाला. "पयलो फाडून टाकतंय."

"द्या इकडे," अंबिकाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही कागद घडी करून कपाटात ठेवले.

रविवारी अकराला माटुंग्याची मंडळी आली. मृणालिनीबाई पुढे, कुशीत नील, मागे अनुजा आणि जावई सौमित्र पिशव्यांचा डोंगर घेऊन. तीन जिने चढून मृणालिनीबाईंना धाप लागली होती, पण पोर त्यांनी कोणाकडे दिलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. जाळी बघितली, गॅसची नळी बघितली, मान डोलावली.

अंबिकाबाईंनी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. लवूने छताकडे बघितलं.

मृणालिनीबाईंनी एका हाताने चष्मा लावला आणि दोन्ही वाचले. पहिला वाचताना भुवया वर गेल्या.

"हा पहिला…?"

"माझ्या हाताने घाण झाला," अंबिकाबाई म्हणाल्या. सगळं सांगितलं. पावडर, साबण, फडकं, वास, सुंदराबाई पहिल्या. सांगताना काही गाळलं नाही. "फडकं टाकलं. पिंप घासलं. पाणी उकळलेलं आहे. आता तुमचं तुम्ही ठरवा. पोर पाहिजे तर परत न्या, माझं काही म्हणणं नाही."

म्हणणं खूप होतं, ते डोळ्यात दिसत होतं.

"आई, पहिला दाखवला नसतात तरी चाललं असतं," सौमित्र सासूबाईंना हळूच म्हणाला.

"आणि मग नीलला कधी जुलाब झाले असते तर मी झोपले असते काय रे?"

मृणालिनीबाई मग चष्मा काढून म्हणाल्या, "पावडर दिसली म्हणता बाटलीत?"

"हो."

"मग मीसुद्धा धुतली असती." थोडं थांबून, आवाज खाली आणून : "गरम पाण्याने."

अनुजा फस्सकन हसली.

"आई, आपल्या फिल्टरची आतली कांडी शेवटची कधी बदलली?" सौमित्रने आता स्वतःच्या आईला विचारलं.

"तू गप्प बस रे," मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसू लागल्या. असं हसताना त्यांना करी रोडने कधी बघितलं नव्हतं. "अंबिकाताई, ती रुचा माटुंग्याला येते का हो?"

"पहाटे साडेपाचला उठाल तर येईल."

"उठेन. पण आधी पाणी द्या. तीन जिने चढवलेत मला."

अंबिकाबाईंनी पेला दिला.  मृणालिनीबाईंनी न बघता, न हुंगता, एका दमात पेला संपवला आणि खाली ठेवला. मग नीलला अलगद अंबिकाबाईंच्या हातात दिलं.

नील दोन क्षण आजीकडे बघत राहिला, रडावं की नको याचा विचार करत. मग त्याने दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी पकडली आणि तोंडात घातली.

"आठ दिवस म्हणाले होते ना मी?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "पंधरा राहू द्या. मी आपलं सुचवते."

अंबिकाबाईंना उत्तर देता येईना, हनुवटी सुटत नव्हती. त्यांच्या वतीने लवूच गॅलरीत गेला आणि नव्या जाळीला धरून खाली चौकात ओरडला, "इलो रे इलो! पंधरा दिवसांक इलो!"

खालून सुंदराबाईंचा आवाज आला, "मग मी वर येऊ काय?"

"येवा," लवू म्हणाला. "आज सगळ्यांनी येवा."