तक्रार: फोकस मागे जातो

नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात चार भाषांतल्या पुस्तिका होत्या आणि एक वॉरंटी कार्ड. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की नैसर्गिक आपत्ती, समुद्राचं पाणी आणि अयोग्य वापर यांमुळे झालेले बिघाड कंपनी दुरुस्त करून देणार नाही. मालवणात राहणाऱ्या माणसाचं या तिन्हींपलीकडे काही बिघडू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नं, बारशी आणि हार घालायचे फोटो. मी बी. एस्सी. झालेलो आहे, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी मी फक्त ऐकतो, पुढे सांगत नाही. ही सांगतोय, कारण तिचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे फाईलला लावलेला आहे.

मे महिन्यात मालवणजवळ तोंडवलीला अनुजाचं लग्न होतं. अनुजा म्हणजे माझा वर्गमित्र लवू, त्याची मुलगी. लवू नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका सकाळी एकटाच होडी घेऊन जाळी ओढायला गेला. संध्याकाळी आचऱ्याच्या बाजूला होडी मिळाली. इंजिन चालू स्थितीत, डब्यात अर्धी भाकरी, बांगड्याचं सुकं तसंच. लवू मात्र मिळाला नाही. त्याची बायको यशोदावहिनी ठामपणे सांगते की त्याला एखाद्या जहाजाने उचललं, आणि कागदपत्रं नाहीत म्हणून तो कुठल्यातरी परदेशी बंदरात अडकलाय. तिच्या कपाळावरचं कुंकू नऊ वर्षांत एक दिवस चुकलेलं नाही. पोलिसांच्या कागदात तो 'बेपत्ता' आहे. वाडीच्या मनात काय आहे ते वाडी तिच्या तोंडावर बोलत नव्हती.

लग्नात तिने हट्ट धरला की लवूचा पाट मांडायचाच. कन्यादान लवूच्या चुलतभावाने, सत्यवानने केलं, पण वहिनीच्या मागे उजव्या हाताला एक रिकामा पाट होता आणि त्यावर नारळ. इथवर ठीक होतं. आमच्याकडे कुठलीही अडचण आली की तिच्या जागी नारळ ठेवतात.

चूक पुढे झाली. मांडवात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवांना आणि पूर्वजांना मोठ्याने हाक मारून बोलवायचं काम सत्यवानचंच. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो उभा राहिला आणि त्याने रवळनाथापासून सुरुवात केली. मग स्थळाचा देव, मग घराण्यातले सगळे गेलेले, एकेकाचं नाव घेऊन. नावांच्या ओघात तो पुढे गेला आणि म्हणाला, "आणि लवू, तू जंय आसशीत थयसून येवन आज हिच्या पाठी उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव एका सुरात ओरडला. मीही ओरडलो. हातात कॅमेरा होता, तरी ओरडलो.

वहिनीची मान झटकन वळली. "सत्यवान भावजी, जित्या माणसाक गाऱ्हाण्यात कित्याक बोलयलास?"

"तोंडातसून गेला गो," सत्यवान म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. तेवढ्यात वाढप्यांनी पंगत बसल्याची हाक दिली आणि सत्यवान टॉवेल सोडत तिकडे गेला. गाऱ्हाण्याच्या शेवटी, ज्यांना बोलावलं त्या सगळ्यांना 'आपापल्या थळाक सुखान जावा' असा निरोप द्यायचा असतो. तो द्यायचा राहिला. मटणाशिवायचं जेवण होतं, तरी माणसं घाईत होती.

आठ दिवसांनी मी फोटो संगणकावर उघडले. नवरा-नवरी स्पष्ट, भटजी स्पष्ट, वऱ्हाडातले दोघे झोपलेले होते तेही स्पष्ट. फक्त ज्या-ज्या फोटोत यशोदावहिनी होती, त्यात ती धूसर होती. तिच्या मागे उजव्या हाताला, हातभर अंतरावर जे काही असेल ते लखलखीत. मांडवाच्या खांबाची गाठ. खुर्चीचा हात. नारळाची शेंडी, केस मोजता येतील इतकी. असे एकशे बारा फोटो होते.

धंद्यात याला फोकस मागे जाणं म्हणतात. हा दोष नव्या कॅमेऱ्यात कधीकधी असतो आणि वॉरंटीत बसतो. मी निर्धास्त होतो.

मी स्टुडिओत चाचणी घेतली. बायकोचा फोटो काढला, स्पष्ट. मांजराचा काढला, मिशा स्पष्ट. वाढदिवसाच्या बॅनरसाठी नगरसेवक आले होते, त्यांचाही दुकानाबाहेर रस्त्यावर काढला. आमच्या रस्त्यावरचे आणि त्यांच्या गालावरचे खड्डे सारख्याच निष्ठेने आले. मग सहज म्हणून तोंडवलीला जाऊन वहिनीचा, तिच्याच पडवीत, एकटीचा काढला. ती धूसर. मागे भिंतीवरचा खिळा स्पष्ट.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा सत्यवानची आई काशीबाई तिथे बसली होती. वय ब्याऐंशी. तिने पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.

"सुशांता, ह्यो कॅमेरो बरो बघता रे," ती म्हणाली.

"काकी, बिघडलो आसा तो."

"बिघडलो नाय. बोलयलो तो इलो. आणि त्येका कोणी जा म्हणून सांगलाच नाय, म्हणान उभो आसा."

काशीबाईने जे म्हटलं नव्हतं ते सगळ्यांना ऐकू आलं होतं. गाऱ्हाण्यात बोलावल्यावर येतो तो गेलेला माणूस. जिवंत माणसाला यायचं तर एसटीने यावं लागतं.

महिनाभरात वाडीचं ठरलं. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात, तो सर्वपित्रीच्या आत करायचा. मग त्याच दिवशी लवूचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घालायचा, त्याला निरोप द्यायचा. वहिनीने कुंकू पुसायचं. सत्यवान हे सांगताना रडला, असं म्हणतात. पण ठरवलं त्यानेच.

दुसऱ्या दिवशी वहिनी मालवणला स्टुडिओत आली. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसली. पदराने घाम पुसला.

"भावजी, खरां सांगा. कॅमेऱ्यात दोष आसा मा?"

"आसा वयनी. शंभर टक्के."

"मगे कंपनीकडसून लिवन घेवा. शिक्क्यासकट. तुमच्या सांगण्यार कोण इस्वास ठेवूचो नाय, तुम्ही त्येचे दोस्त."

ती उठली आणि दारातून म्हणाली, "सर्वपित्रीच्या आदी व्हया."

म्हणजे प्रकरण असं होतं. कॅमेरा सदोष असेल तर लवू जिवंत. कॅमेरा चांगला असेल तर लवू मेला. निर्णय पुण्यातल्या सेवा केंद्राकडे होता.

मी तक्रार नोंदवली. अर्जात 'दोषाचे स्वरूप' यापुढे एक ओळ होती. त्यात लिहिलं: फोकस मागे जातो. आठवड्याने उत्तर आलं की कार्डावरचा दुकानाचा शिक्का पुसट आहे. मी नवा शिक्का मारून आणला. मग उत्तर आलं की दोष दाखवणारे नमुना फोटो पाठवावेत. पाठवले. मग कॅमेराच पाठवा. स्वतः कुरियरवाल्यासमोर बसून बांधला. जुलैच्या शेवटी परत आला, सोबत चिठ्ठी: 'तपासणी केली. दोष आढळला नाही.'

मी पुन्हा पाठवला. पुन्हा आला. दोष आढळला नाही. तिसऱ्यांदा पाठवला. वहिनी दर सोमवारी, बाजारच्या दिवशी, यायची. आत येत नसे. दारातूनच माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. एकदा तिने विचारलं, "त्यांका नीट समजावन सांगलास मा? इंग्रजीत?" मी हो म्हणालो. इंग्रजीत 'ती वाट बघतेय' असं लिहायला अर्जात रकाना नव्हता.

ऑगस्टमध्ये सेवा केंद्रातून फोन आला. संचिता नावाची अभियंता होती. आवाज तरुण, बोलणं नेमकं.

"सर, तुमची केस माझ्याकडे आलीये. चाचणीच्या तक्त्यावर कॅमेरा अचूक आहे. माणसांवरही अचूक आहे. मी तुमच्या मूळ फाईल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या."

"मग फोकस मागे जातो की नाही?"

"जातो असं म्हणता येणार नाही, सर. हा कॅमेरा आधी माणसाचा डोळा शोधतो आणि त्यावर फोकस करतो. लग्नातले एकशे बारा आणि पडवीतला एक, अशा या एकशे तेरा फोटोंमध्ये त्याला डोळा सापडलेला आहे. अंतरही अगदी बरोबर पकडलंय. तिथे कोणी नाहीये, एवढाच मुद्दा आहे."

"मॅडम, यालाच दोष म्हणतात."

"आमच्या यादीत यासाठी कोड नाही, सर. कोड नसेल तर मला 'दोष आढळला नाही' एवढंच निवडता येतं."

तिच्या मागे कोणीतरी चहा आला म्हणून सांगत होतं. तिने आवाज खाली आणला.

"सर, एक विचारू? यात आपल्या माणसांचे चेहरे आधी नोंदवून ठेवायची सोय असते. गर्दीत कॅमेरा त्यांना पहिलं प्राधान्य देतो. तुम्ही कोणाचा चेहरा नोंदवला होता का?"

"नाही. मला ती सोय आहे हेच माहीत नव्हतं."

"हो, मेमरीत नोंदवलेले चेहरे शून्य दाखवतोय. पण या फोटोंवर 'नोंदवलेला चेहरा, क्रमांक एक' अशी खूण आहे." मग तिने घाईने जोडलं, "मी हे अहवालात लिहीत नाही, सर. वरचे मला विचारतील."

मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कळत नाही. अर्ध्या तासाचा फोन होता. ती मध्ये फक्त एकदा बोलली. "म्हणजे मी दोष लिहिला तर ते जिवंत?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बघते."

सर्वपित्रीच्या चार दिवस आधी खोकं आलं. आत नवा कोरा कॅमेरा आणि पत्र. पत्राचा मजकूर असा, की कंपनी कोणताही दोष मान्य करत नाही. तथापि ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन अपवाद म्हणून कॅमेरा बदलून देण्यात येत आहे. खाली शिक्का आणि सही. सही संचिताची नव्हती.

पत्र घेऊन तोंडवलीला गेलो. भर दुपार. पडवीत वाडीतली पाचसहा माणसं, सत्यवान, काशीबाई. पळसाची पानं मोजून बांधून कोपऱ्यात ठेवलेली होती. मी पत्र उलगडलं आणि त्याचं मालवणीत भाषांतर केलं.

"कंपनी म्हणता, कॅमेऱ्यात दोष होतो. म्हणान बदलून दिल्यानी."

भाषांतर करताना थोडंफार इकडेतिकडे होतंच.

वहिनीने डोळे मिटले. सत्यवानने पत्र हातात घेतलं, शिक्क्यावर अंगठा फिरवला. त्याला इंग्रजी येत नाही, पण शिक्का येतो.

"बरां तर," तो म्हणाला. "नवो कॅमेरो आसा मा? काढ बघया वयनीचो फोटो. हंयच. आमच्या समोर."

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वहिनी उठली. पदर सारखा केला आणि भिंतीजवळ उभी राहिली, नेहमीसारखी जरा डावीकडे सरकून. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धं दाबलं. फोकस कुठे बसतोय ते दाखवणारा हिरवा चौकोन उमटला. तिच्या चेहऱ्यावरून तो न थांबता पुढे गेला, मागे उजव्या हाताला, तिच्या डोळ्यांहून वीतभर वर जाऊन थांबला. लवू तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. चौकोन अगदी स्थिर नव्हता. किंचित वर, किंचित खाली होत होता, उभं राहून श्वास घेणाऱ्या माणसाचा होतो तसा. मेलेला माणूस श्वास घेत नाही एवढं शास्त्र मी शिकलोय. कॅमेऱ्याला ते शिकवलंय का, पुस्तिकेत दिलेलं नाही.

"काय रे, किती येळ?" काशीबाई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती.

भिंगाच्या कडेला एक छोटी कळ असते. ती सरकवली की कॅमेरा स्वतःहून काही शोधत नाही. माणूस फिरवेल तसं ऐकतो. मी ती सरकवली. आवाज झाला, माझ्याशिवाय तो कोणाला कळण्यासारखा नव्हता. चौकोन विझला. मी हाताने भिंग फिरवत वहिनीच्या डोळ्यांवर आलो आणि फोटो काढला.

पडद्यावर सगळ्यांनी पाहिला. कुंकू स्पष्ट, मंगळसूत्राचे मणी स्पष्ट, डोळ्यांखालच्या नऊ वर्षांच्या रेषा स्पष्ट. मागची भिंत धूसर.

"झाला तर मगे," सत्यवान म्हणाला आणि त्याने पानांचा भारा उचलून मागच्या दारी नेला. पाठमोरा असताना त्याचे खांदे हलके झालेले दिसले. माणसं पांगली. काशीबाई जाता जाता माझ्या हातावर थाप मारून म्हणाली, "बी. एस्सी. ना रे तू?" आणि गेली.

त्या सोमवारी वहिनी स्टुडिओत आली आणि बऱ्याच महिन्यांनी आत येऊन बसली. मी छापलेला फोटो तिच्यासमोर ठेवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"बरो इलो," ती म्हणाली. मग बोट ठेवून, "भावजी, ह्या बाजूक एवढी जागा कित्याक सोडलास?"

मी पाहिलं. वहिनी फोटोच्या उजव्या अर्ध्यात होती. डावीकडे, म्हणजे तिच्या उजव्या हाताला, एक माणूस आरामात उभा राहील एवढी धूसर भिंत होती. पंचवीस वर्षं फोटो काढतोय. एकट्या माणसाचा फोटो असा कोणी काढत नाही. मी मुद्दाम केलं नव्हतं. हात आपोआप तसा गेला होता.

"चुकला, वयनी. कापून देतंय. तुम्ही मधी येशात."

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा निरोप होता: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सुटली का? होय असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन. हा निरोप आता रोज येतो.

मी फोन पालथा ठेवला. कात्री घेतली.

यशोदावहिनीने फोटोवर आडवा हात ठेवला, त्या रिकाम्या भिंतीवर, तळवा पसरून. कुंकू लावलेल्या कपाळाखालचे तिचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत प्रश्न नव्हता.

"कापू नका," ती म्हणाली. "असोच मोठो करून दिया."