नैवेद्याची कढी

राधिकानं मागं वळून पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि कढीत चमचाभर मीठ टाकून घाईघाईनं ढवळलं. चव घ्यायची सोय नव्हती. आईच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक. आधी फोटोपुढे नैवेद्य, मग बाबांचं पान, मग बाकीचे. तोवर बोट चाटलं तरी उष्टं. तिथी खरी गुरुवारीच होऊन गेली होती. पण इकडे अमेरिकेत, दादाच्या नोव्हायमध्ये श्राद्धाला सुट्टी कोण देतो! त्यात २००६ सालच्या त्या मार्चमध्ये दादाच्या कंपनीत रोज कुणाची ना कुणाची नोकरी जात होती. शनिवार त्यातल्या त्यात बरा.

आईनंही आयुष्यभर असंच अंदाजानं मीठ घातलं. बाबांच्या आधी काही चाखायचं नाही, ही तिच्या सासूबाईंची शिस्त. आणि मीठ चुकलं की ताट भिंतीवर, ही बाबांची. नागपूरच्या क्वार्टरमधल्या त्या भिंतीला आई दर दिवाळीला चुना लावायची. शेजारणींना सांगायची, ओल येते हो. एकदा ताट भिंतीऐवजी तिच्या कपाळावर लागलं. तेव्हा राधिका सहा वर्षांची होती, आज तिची लेक प्रीता आहे तेवढीच.

आणि उद्या बाबांना घेऊन ओहायोतल्या डब्लिनला, तिच्या घरी जायचं होतं. व्हिसा सहा महिन्यांचा. तीन दादाकडे झाले, आता तीन तिच्याकडे. फोनवर ती ‘हो हो, नेते ना’ म्हणून बसली होती, पण काल प्रीताला नवऱ्याजवळ ठेवून इकडे ड्राइव्ह करताना रस्ताभर तिचाच विचार डोक्यात. प्रीताच्या हातून रोज काही ना काही सांडतं. दूध, सिरियल, नाहीतर रंगाचं पाणी. सुंभ जळला तरी पीळ जातो का कधी? आज जेवताना बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. शांतपणे जेवले तर न्यायचं. आवाज चढला तर काहीतरी कारण काढायचं.

‘अगं, एकदम बदललेत ते,’ काल यतीनदादा म्हणाला होता. ‘डिशवॉशर लावतात यार स्वतः!’

असं म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं मात्र नव्हतं.

नैवेद्य झाला. बाबा डायनिंग टेबलाशी येऊन बसले. वर्षभरात वाळून गेले होते बिचारे, स्वेटर अंगावर लोंबत होता. दीपावहिनीनं भात वाढला, त्यावर कढी. यतीननं हळूच काचेचा ग्लास ताटापासून लांब सरकवला. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. राधिकाच्या आलं. बेचाळिशीचा माणूस, हाताखाली दहा इंजिनियर, आणि वडिलांपुढचा ग्लास सरकवतोय.

बाबांनी पहिला घास घेतला. चावता चावता जबडा थांबला. ते ताटाकडे बघत राहिले.



मग बाबांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा घास उचलला.

‘अजून वाढू, बाबा?’ वहिनीनं विचारलं.

‘वाढ.’

सगळं संपवून ते हात धुवायला उठले, तेव्हा कुठे राधिकाचा जीव भांड्यात पडला. झालं तर मग. न्यायचं. प्रीताला आजोबा मिळतील. ती हसत स्वयंपाकघरात गेली. मागोमाग यतीन आणि वहिनी आले आणि तिघांनी उभ्यानंच कढीच्या वाट्या भरून घेतल्या.

‘अगंबाई!’ वहिनीनं सिंककडे धाव घेतली. ‘किती खारट! एकदाच तर घातलं होतं मी.’

‘मीही घातलं,’ राधिका म्हणाली. ‘म्हटलं, राहिलं असेल तर?’

दोघींनी यतीनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

‘मी पण.’

तिघांनाही असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. ‘आणि बाबा एक अक्षर बोलले नाहीत!’ यतीन म्हणाला. ‘बघ राधी, सांगत नव्हतो तुला?’

राधिका हसता हसता थांबली. ती कढी एक घास जाण्याजोगी नव्हती, आणि बाबांनी दोन वेळा वाढून घेतली होती.

‘उद्या किती वाजता निघायचं गं?’ बाबा दारात उभे होते.

‘बाबा, कढी खारट होती.’

‘खारट? अगं, मिठागर होतं नुसतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

बाबा ओशाळं हसले. ‘बोललो असतो तर तू नेलं असतंस होय मला? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात. कळतं मला.’

‘म्हणजे आवरता येतं तुम्हाला.’

‘न यायला काय झालं?’

‘मग आईच्या वेळी?’

बाबांना प्रश्न नीट कळलाच नसावा. त्यांनी खांदे उडवले. ‘तिचं वेगळं. ती कुठे जाणार होती?’

‘राधी, जाऊ दे,’ यतीन पुटपुटला.

राधिकाला संताप आला होता, इतका की हातातली वाटी भिरकावून द्यावीशी वाटली. तिनं ती जपून ओट्यावर ठेवली.

‘बाबा, तुम्ही दादाकडेच राहा. उद्या मी एकटी जाते.’

बाबांनी यतीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. 

‘अगं, पण मी सगळं खाल्लं ना,’ ते म्हणाले.

‘हो ना, बाबा,’ राधिका म्हणाली. ‘सगळं खाल्लंत.’