दरवाजा आणि दिंडी

"दरवाज्यात कोण आलंय बघा," असं म्हटलेलं आमच्या सासऱ्यांना, भय्यासाहेबांना, खपत नसे. "दरवाज्यात नाही, सूनबाई. दिंडीत." मोठ्या दाराच्या एका फळीतच कापलेलं बुटकं दार, पाय उचलून आणि मान खाली घालून ज्यातून यायचं, ती दिंडी. दरवाजा म्हणजे दोन्ही फळ्या, आणि तो तिघांसाठीच उघडायचा: नवी नवरी आत येताना, तिरडी बाहेर जाताना, आणि राज्य ज्याचं त्याची स्वारी आली तर. मी नवरी म्हणून एकदा दरवाज्यातून आले. मग बारा वर्षं शाळेत शिकवायला जाता-येता दिंडीवर कपाळ आपटून घेतलं.

आमच्या राजाचं राज्य विलीन झालं, मध्य भारत हा नवा प्रांत आला, पहिली निवडणूकही झाली. भय्यासाहेबांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की आपण काही वोट टाकणार नाही. पेटीतून कधी राजा निघतो होय?

निवडणुकीनंतरच्या आठवड्यात ते न्हाणीत घसरले. डॉक्टर आले, म्हणाले, नडगीचे दोन तुकडे झालेत, खाटेवर आडवंच अस्पतालात न्या, दुपार झाली तर पाय कापावा लागेल. आमचे हे, दूध घालायला आलेला गोपाळ आणि शेजारचे दोघं, अशा चौघांनी खाट उचलली आणि दाराशी आणली. खाट दिंडीतून जाईना. आडवी नाही, तिरपी नाही.

"दरवाजा उघडा," मी म्हटलं.

"खबरदार," खाटेवरून आवाज आला. "मी मेलोय का?"

"नाही."

"मग मी नवरी आहे?"

यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. बापापुढे या माणसाची वाचा बसते. पाय तर टम्म सुजून काळानिळा पडत चाललेला. मला रडू येत होतं आणि म्हाताऱ्याला दोन शब्द सुनवावेसेही वाटत होते.

"भय्यासाहेब, तिसरा कोण ते तुम्हीच सांगता ना? राज्य ज्याचं तो. आता राज्य वोट टाकणाऱ्यांचं आहे. तुम्ही टाकला असता, तर तुमचीच स्वारी म्हणून दरवाजा उघडला असता. पण तुम्ही पडलात हट्टी."

ते पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेऊ लागले. मग हळूच म्हणाले, "टाकला."

"काय?"

"टाकला म्हणतो ना. मफलर गुंडाळून गेलो होतो. बघायला." आणि पांघरुणातून शाईचं बोट वर काढलं. गल्लीतली सगळी माणसं जमलेली होती. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

अडसर जाम झाला होता. हातोड्याने ठोकून काढला, दोन्ही फळ्या ढकलल्या, आणि भय्यासाहेबांची स्वारी निघाली. जाता जाता त्यांनी मान उचलून पायाकडची बाजू धरलेल्या गोपाळला विचारलं, "तूने भी डाला?"

"डाला, साहब."

"कितने?"

"एक ही तो मिलता है."

त्यानंतर अस्पताल येईपर्यंत भय्यासाहेब एकदा आपलं शाईचं बोट बघत, एकदा गोपाळचं.

पाय वाचला. प्लास्टर घालून घरी आले, त्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला की उद्यापासून गोपाळसाठी दरवाजा उघडायचा. दुसऱ्या दिवशी गोपाळनेच हात जोडले. "रहने दो साहब. इतना भारी किवाड़ रोज कौन खोले? मेरे लिए दिंडी ठीक है." आणि दुधाची चरवी सांभाळत, मान खाली घालून तो आत आला.

भय्यासाहेब ओसरीवर बसले होते. भिंतीला धरून, कण्हत, ते उठून उभे राहिले. राजा आल्यावर बसून राहायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि त्याच दमात मी त्यांच्यावर ओरडलेही, कारण डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं होतं.