आरशातली चांदणी

"मामा, तुम्ही साधीसुधी असामी नाही," जर्नलांच्या गराड्यात जमिनीवर बसलेल्या मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शोध आहात, शोध."

मामा स्टुलावर उभे होते. हातात धुळीनं माखलेला आणखी एक गठ्ठा होता. आपण शोध आहोत असं कुणी सांगितल्यावर माणसानं काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी गठ्ठा खाली दिला आणि दोनदा शिंकले.

मानसशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत मामा एकतीस वर्षं परिचर होते. सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, स्टॉपवॉचना किल्ली द्यायची, आरशावरचे बोटांचे ठसे काढायचे. या महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते आणि त्याच्या आदल्या आठवड्यात विभागाची पन्नाशी साजरी व्हायची होती. बाहेरच्या विद्यापीठांतून पाहुणे येणार, जुने विद्यार्थी येणार, म्हणून विभागप्रमुखांनी फर्मान काढलं होतं की मागच्या कपाटातली विद्यार्थ्यांची जुनी जर्नलं, म्हणजे प्रयोगवह्या, तेवढ्या रद्दीत काढा. सगळ्यात नवीन शिक्षिका म्हणून ते काम मॅडमच्या गळ्यात पडलं. मॅडम कपाटात शिरल्या त्या तीन आठवडे झाले तरी बाहेर येईनात.

त्याचं कारण मामाच होते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला प्रत्येक विद्यार्थ्यानं आपला सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, बरोबर आणायचा असतो. कुणी भावाला आणतं, कुणी शेजारणीला. पण भाऊ झोपून राहतो, शेजारणीकडे अचानक पाहुणे येतात, आणि विद्यार्थी रडवेला होऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा. अशा वेळी एकच हाक यायची. "मामा, बसता का?" मामा फडकं खांद्यावर टाकायचे आणि बसायचे. दर वर्षी सहा-सात जणांसाठी तरी बसायचेच. ते सगळं जर्नलांत लिहिलेलं होतं: सब्जेक्ट पुरुष, वय अमुक, व्यवसाय परिचर. पहिल्या दोन वर्षांची वाळवीनं खाल्ली होती; ती सोडून मॅडमनी मोजली तेव्हा अशी जर्नलं दोनशे सोळा भरली.

"हे बघा," मॅडमनी एक मोठा आलेख जमिनीवर पसरला. "आरशातली चांदणी. तुम्हाला तर पाठच असेल."

पाठ म्हणजे काय, झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली असते. हात दिसू नये म्हणून मध्ये पाटी उभी करतात आणि समोर आरसा ठेवतात. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याची भंबेरी उडते. रेघ ओलांडली की एक चूक. पाच फेऱ्या करायच्या. चुका कमी होत जातात आणि आलेख खाली उतरतो.

"शिकलेला हात विसरत नाही, असं आम्ही मुलांना शिकवतो," मॅडम सांगत होत्या. "सायकल एकदा आली की आली. पण तुमचा हात दर वर्षी विसरतो, मामा. दर वर्षी वीस चुकांपासून सुरुवात आणि पाचव्या फेरीला सहा. एकोणतीस वर्षं. असा माणूस कुठल्याच पुस्तकात नाही. पन्नाशीच्या कार्यक्रमात मी हेच मांडणार आहे. जमलं तर माझी ही कच्ची नोकरी पक्की होईल हो."

स्टुलावरून उतरताना मामांनी कपाटाला धरलं.

कारण त्यांचा हात काहीच विसरला नव्हता. दुसऱ्या वर्षीच चांदणी त्यांच्या बोटांत बसली होती. पण न चुकणारा सब्जेक्ट घेऊन विद्यार्थ्यानं करायचं काय? आलेख उतरणार कुठून? त्याच वर्षी असंच झालं होतं. मामांनी एका फटक्यात चांदणी काढली आणि एक्स्टर्नल परीक्षकांनी त्या पोराची अशी हजेरी घेतली की ते बिचारं बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिलं. त्या दिवसापासून मामा चुकायला शिकले. पहिल्या फेरीला वीस, मग पंधरा, बारा, नऊ, सहा. शब्दांची यादी आली की सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द सांगायचे आणि मधल्या शब्दांपाशी डोकं खाजवायचं. पुस्तकात तसं होतं. दोन सारख्या रेघा दाखवल्या की एक लांब आहे म्हणायचं. शेवटी सब्जेक्टला काय वाटलं ते लिहायचा एक रकाना असतो, त्यासाठीही त्यांचं एक वाक्य तयार होतं: "प्रयोग मजेशीर वाटला." दोनशे सोळा जर्नलांत तेच वाक्य होतं आणि दोनशे सोळा जणांची नाव पार झाली होती.

आता त्या सगळ्या दयेचा आलेख जमिनीवर पसरला होता आणि मॅडम त्याला शोध म्हणत होत्या. पाहुण्यांत एखादा तरी चाणाक्ष निघणारच, आणि भर सभेत या पोरीचं हसं होणार.

त्या संध्याकाळी जेवताना मामांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक हसत सुटली.

"म्हणजे बाबा, परक्या पोरांसाठी इतकं नाटक? घरी आईला खूश करायला कधी एक थाप मारली नाहीत ती."

"तुझ्या आईला कळायचं."

"मग मॅडमना पण कळू द्या. तुमच्याकडून कळलेलं बरं."

"आणि मॅडम म्हणाल्या, माझी तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात घातलीत, तर?"

लेकीनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तर ऐकून घ्यायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी प्रयोगशाळा नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उघडली. मॅडम आल्या, पर्स टेबलावर ठेवली, तेवढ्यात मामा समोर उभे राहिले. फडकं खांद्यावर नव्हतं. ते हातात पिळत होते.

"मॅडम, हात विसरत नव्हता. मी मुद्दाम चुकत होतो."

मॅडमना आधी काही कळलंच नाही. मामांनी मग पहिल्यापासून सांगितलं: जिन्यावर बसलेलं ते पोर, वीस-पंधरा-बारा-नऊ-सहा, मधले शब्द, दोन रेघा, सगळं. मॅडम हळूच खुर्चीवर बसल्या. जवळचं एक जर्नल उघडून त्यांनी चुकांच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मामांना वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळी?" शेवटी त्यांनी विचारलं. "सगळीच्या सगळी?"

"एक सोडून," मामा म्हणाले. "ते या गठ्ठ्यात नसेल."

मॅडमनी मान वर केली. मग उठून त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि तपकिरी कव्हरचं एक जर्नल काढलं. ते त्यांचं स्वतःचं होतं, बारा वर्षांपूर्वीचं. त्यातला आलेख उतरायच्या ऐवजी चढत गेला होता: अकरा, एकोणीस, सव्वीस, तीस, चौतीस. बिघडलेला निकाल म्हणून त्यांनी तो मोजणीतून वगळून बाजूला ठेवला होता.

बारा वर्षांपूर्वी मामांची बायको तीन आठवडे दवाखान्यात होती. परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या किल्ल्या मामांकडे होत्या म्हणून ते तासाभरासाठी आले. कुलूप उघडून परत निघणार, तर दारात एक मुलगी. तिची आतेबहीण आलीच नव्हती. "मामा, बसता का?" मामा सवयीनं बसले. पण त्या दिवशी त्यांना ना नीट काढता आलं, ना नीट चुकता आलं.

"तुमचं जर्नल आठवत होतं मला," मामा म्हणाले. "काठावर पास झालात तुम्ही. बारा वर्षं मनात सलतंय. तुम्ही इथं शिकवायला आलात तेव्हाच माफी मागणार होतो. धीर झाला नाही."

मॅडमनी जर्नलाचं शेवटचं पान उघडलं आणि वाचायला लागल्या. वीस वर्षांच्या मुलीचं गोल, घाईचं अक्षर होतं.

"सब्जेक्ट म्हणाला: आरशात चांदणी दिसत होती, पण हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. घरचं माणूस दवाखान्यात आहे. आज डॉक्टर काही बोलले नाहीत. ते नेहमी बोलतात. पेन्सिल कुठं चालली होती मला ठाऊक नाही. तुमची परीक्षा बिघडवली बाई, माफ करा."

मामा ऐकत उभे होते. आपण बोललो होतो हे त्यांना आठवत होतं. तिनं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं असेल हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

"एक्स्टर्नल म्हणाले, हा घरगुती मजकूर खोडा," मॅडम म्हणाल्या. "मी नाही खोडला. तुम्ही माफी तेव्हाच मागितली आहे, मामा. ही काय, लेखी आहे माझ्याकडे."

मामांनी फडक्यानंच डोळे पुसले. धूळ होती त्यात, त्यामुळे डोळे आणखी झोंबले.

"त्या दिवशी अख्ख्या इमारतीत मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "रकाना भरायचा म्हणून का होईना, तुम्ही विचारलंत, काय वाटलं. मी बोललो. दवाखान्यात परत गेलो तेव्हा हलका झालो होतो. तिच्याजवळ बसून धड बोलू शकलो. चारच दिवस मिळाले पुढं, पण ते बरे गेले. तुमचे उपकार आहेत ते. कधी सांगितलं नाही, आज सांगतो."

मॅडमनी जर्नल मिटलं आणि कव्हरवर हात ठेवून बसल्या.

"निकाल लागल्यावर मी हा विषय सोडणार होते," त्या म्हणाल्या. "मग जर्नल मागून घरी नेलं, हे पान पुन्हा वाचलं. आणि नाही सोडला."

कार्यक्रमाला चारच दिवस उरले होते. मॅडमनी तो मोठा आलेख गुंडाळून ठेवला आणि नव्यानं लिहायला बसल्या. मामा त्यांना चहा आणून देत होते आणि त्या मधूनच विचारत होत्या, "मामा, एखाद्याचा आलेख जरा जास्तच छान आणलात का हो कधी?" मामा आठवून आठवून सांगत होते. तोतरं बोलणाऱ्या एका मुलाला आठ जास्त दिले होते. म्हणजे चुका आठ कमी केल्या होत्या.

पन्नाशीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आमच्याकडे एका माणसाची एकोणतीस वर्षांची दोनशे सतरा निरीक्षणं आहेत, त्यातली दोनशे सोळा खोटी आहेत आणि जे एकच खरं आहे ते मी चुकीचं म्हणून वगळलं होतं. सभागृहात हशा पिकला. मग त्यांनी ते पान वाचलं, आणि कुणी हसलं नाही. मामा शेवटच्या रांगेत दाराशी बसले होते. नको ती वेळ आली तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून ती जागा धरली होती, पण तशी वेळ आली नाही.

चहाच्या वेळेला माणसं एकेक करून त्यांच्याकडे यायला लागली. कुणाचे केस पांढरे झाले होते, कुणाच्या कडेवर मूल होतं. एक जण आता मोठ्या शाळेचा समुपदेशक होता, तोच तो तोतरा मुलगा. त्यानं मामांचे दोन्ही हात धरले. सगळ्यांत शेवटी विभागप्रमुख आले, कप हातात घेऊन, इकडेतिकडे बघत.

"मामा, मीही इथलाच विद्यार्थी. माझ्या परीक्षेला तुम्हीच बसला होतात."

"बसलो होतो, सर."

"मग माझं कसं?"

"तुमचं पहिल्याच वर्षीचं, सर. तेव्हा मी नवखा होतो. तुमचं बरंचसं खरं आहे."

विभागप्रमुखांना बरंच हायसं वाटलेलं दिसलं. एका पाहुण्या बाईंनी मॅडमना हे सगळं लिहून पाठवा म्हणून बजावलं. नोकरीचं काय होणार ते कुणी बोललं नाही, पण विभागप्रमुखांनी त्यांना पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आखायला सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, मामा खिळ्यावर किल्ल्या अडकवून निघायच्या बेतात होते, तेव्हा मॅडम दारात आल्या. हातात कोरं जर्नल होतं.

"मामा, बसता का?"

"आता कुणाची परीक्षा?"

"कुणाचीच नाही. माझ्याकडं तुमचा एक वाईट दिवस आहे. चांगला एकही नाही."

मामा बसले. मॅडमनी आरसा लावला, पाटी उभी केली, चांदणीचा कागद सरकवला. मामांना उगाचच धास्ती वाटली. खरी चांदणी काढून एकोणतीस वर्षं झाली होती. स्टॉपवॉचची कळ दाबल्याचा आवाज आला.

पेन्सिल निघाली. पहिलं टोक आलं, वळली. दुसरं टोक आलं, वळली. आरशातला हात सावकाश आणि नेमका चालला होता, दोन रेघांच्या बरोबर मधून. पाचवं टोक वळून पेन्सिल जिथून निघाली होती तिथं येऊन थांबली. मॅडमनी कळ दाबली, कागद काढून उजेडात धरला आणि बोटानं रेघ तपासत गेल्या. पुन्हा एकदा तपासली.

मग लिहिलं: फेरी पहिली, वेळ चाळीस सेकंद, चुका शून्य.

"दुसरी फेरी घ्यायची?" मामांनी विचारलं.

"नको. आता सुधारायला काही उरलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शेवटचा रकाना काढला. "काय वाटलं, मामा?"

मामांनी विचार केला. बराच केला.

"प्रयोग मजेशीर वाटला," ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मामा उठले, आरशावरचे बोटांचे ठसे पुसले, बोथट झालेल्या पेन्सिलीला टोक करून ठेवलं, आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.