मटणाची रेघ

मेंढराचं तोंड ओळखायला कवठे महांकाळच्या आप्पासो शेंडग्यांना कधी दुसऱ्यांदा बघावं लागलं नव्हतं. एवढाल्या कळपात कुठलं कोकरू कुणाचं, ते लांबून सांगायचे. त्यामुळे त्या सकाळी धाकट्या भावाच्या, अर्जुनाच्या कळपापुढं उभं राहिल्यावर सगळी मेंढरं धुक्यात शिरल्यासारखी एकसारखी दिसली, तेव्हा ते मनातून हादरले. तहान तर कधीची लागलेलीच होती. तांब्यामागून तांब्या रिचवला तरी घसा कोरडा तो कोरडाच.

मेंढरं त्यांनी अर्जुनाच्या हवाली केली त्याला काही वर्षं झाली होती. थोरल्या लेकानं, दिग्विजयनं हमरस्त्याला मटणाची खानावळ काढली, ती धो धो चालली आणि आप्पासो गल्ल्यावर बसले. बसल्या जागी सुक्कं मटण यायचं, रस्सा यायचा. दुपारी तेच, रात्री तेच. जन्मभर मेंढरामागं हिंडलेल्या माणसाला मटण मिळायचं ते जत्रेला, नाहीतर एखादं जनावर पाय मोडून पडलं तर. एरवी बाजरीची भाकरी, खर्डा आणि वाटीभर दूध. आता रोजच जत्रा होती.

रंगुबाईंनी नवऱ्याला धरूनच सांगलीला नेलं. तिथं भूपाल चौगुल्यांची लेक कीर्ती डॉक्टर होती. भूपालअण्णांच्या रानात उन्हाळ्यात खतासाठी शेंडग्यांचीच मेंढरं बसायची. त्या काळात कीर्ती आप्पासोंच्या खांद्यावर बसून कोकरं बघायची.

तिनं रक्त तपासलं आणि म्हणाली, "आप्पा, साखर लय वाढलीय."

"आगं, आमी गोडाला हात लावत न्हाई!"

"गोडानंच वाढते असं नाही. रोज मटण खाता ना?"

आप्पासोंनी शेजारी बसलेल्या भूपालअण्णांकडं बोट दाखवलं. "मग ह्यो तुजा बा? ह्येला बी साखर हाय. उभ्या जन्मात अंडं शिवला न्हाई!"

भूपालअण्णा हसले. "खरं हाय गड्या. मला भातानं आन रान सोडून दुकानात बसून ऱ्हाण्यानं गाठलं."

कीर्तीनं गोळ्या दिल्या आणि आप्पासोंच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवली. तिनं त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी केलं आणि पडद्यावर एक रेघ उमटली. "ही तुमच्या अंगातली साखर. वर गेली की वाढली, खाली आली की उतरली. औषध तर घ्यायचंच, पण आता तुम्हीच बघा काय खाल्ल्यावर काय होतं."

आप्पासो घरी येईस्तोवर त्या रेघेवरून नजर काढेनात. आपल्याच कातड्याच्या आत, आपल्याला न विचारता एवढं काही चाललंय आणि ते असं उघड्यावर दिसतंय, हे त्यांना खरंच वाटेना. रंगुबाईंना म्हणाले, "आगं, ही बघ. जित्ती हाय."

मग त्यांना कीर्तीची जिरवायची हुक्की आली. दुसऱ्या दिवशी भाकरी नाही, भात नाही, नुसतं मटण खाऊन ते मोबाइल मांडीवर घेऊन बसले. रेघ जराशी हलली आणि पडून राहिली. त्यांनी मांडीवर थाप मारली. पुढच्या दिवशी भाताचा ढीग आणि वर गुलाबजाम खाल्ले, तर रेघ दंडोबाच्या डोंगरासारखी उभी चढली. त्यांना घामच फुटला, तरी त्यातही त्यांना आनंद होता.

पुढच्या फेरीला ते छाती काढूनच दवाखान्यात शिरले. "बघ पोरी. तुजं मटण निर्दोष सुटलं!"

कीर्तीनं रेघ बघितली, भाताकडं बोट दाखवून "हे बरोबर धरलंत" म्हणाली, आणि मग खुर्ची जवळ ओढून बसली. "आप्पा, मटणाचं काम एका दुपारचं नसतं. रोजचं लाल मटण, आणि त्याहून जास्त ते खारवलेलं, डब्यातलं मांस, वर्षानुवर्षं पोटात गेलं की शरीर साखर आवरायचं हळूहळू विसरतं असं दिसतं. ते ह्या रेघेत नाही दिसायचं. आणि सगळ्यांनाच होतं असंही नाही."

"मंग तुमास्नी कसं दिसलं?"

"माणसांना विचारून. देशोदेशीची लाखो माणसं, आप्पा. काय खाल्लं, किती खाल्लं, ते वर्षामागून वर्षं सांगत राहिली. कोण आजारी पडलं, कोण नाही, ते मोजलं. त्यातून हे पुढं आलं."

आप्पासोंच्या डोळ्यांपुढं माणसांचा कळप उभा राहिला, क्षितिजापर्यंत. नावं माहीत नसलेली, भाषा माहीत नसलेली माणसं, आपल्या ताटातलं सांगत बसलेली. कशासाठी? सांगलीच्या ह्या खुर्चीत बसलेल्या एका धनगराला कळावं म्हणून.

"त्यातली किती तर मेली असतील की," ते हळूच म्हणाले.

"असतील."

मग त्यांनी विचारलं, "आन मासं?"

"माशाचं अजून ठाम कळलेलं नाही. कुठं एक दिसतं, कुठं दुसरंच. मटणाच्या जागी घेतलेला मासा बरा, कडधान्य त्याहून बरं. तळून मात्र नको."

डॉक्टरीण 'कळलेलं नाही' म्हणते, ह्याचंही त्यांना नवल वाटलं. तिच्यावरचा त्यांचा विश्वास त्या शब्दानं उलट वाढला.

त्यांनी गल्ला दिग्विजयकडं सोपवला आणि सकाळचे अर्जुनाच्या कळपामागं जाऊ लागले. पहिल्याच चढणीला दम लागला. धाप टाकत दगडावर बसून त्यांनी मोबाइल काढला, तर रेघ खाली येत होती. चालल्यानं! पायांनी रक्तातली साखर खाल्ली होती. कुणाला सांगावं तेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी अर्जुनालाच हाक मारली, "अर्जुना, ये रं! बघ, उतरतीया!"

मटण सणावारावर आलं. गोळ्या चालूच राहिल्या. साखर पुरती गेली नाही, पण ताब्यात आली. नजरही निवळली.

पावसाळा सरल्यावर कॉलेजच्या मुली गावात आल्या. लोक काय खातात, कुणाला साखर आहे, ते विचारत घरोघर फिरत होत्या. खानावळीसमोर त्यांनी आप्पासोंना गाठलं. दिग्विजयनं आतून डोळ्यानंच 'नको' म्हणून खुणावलं. बाहेरच्यांपुढं मटणाची बदनामी नको, असं त्याचं म्हणणं होतं.

आप्पासोंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. पटका सारखा केला, बाकड्यावर मुलींना जागा करून दिली आणि म्हणाले, "इचारा. खरं तेच सांगतो. दुपारी काय, राती काय, सगळं सांगतो."