मी जुईच्या सीटखालचा शॉकअप

मी गाडीखालून बोलतोय. मागच्या डाव्या चाकाशेजारी वाकून बघा, चिखलाने माखलेला एक निळा नळा दिसेल. तोच मी. माझं पूर्ण नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पण घरात मला शॉकअपच म्हणतात. चाळीस किलोमीटरचा घाटरस्ता आणि दीड वर्षांची मुलगी, हे दोन्ही मी सांभाळलंय. म्हणून आज थोडं मोठेपणाने बोलणार आहे, राग मानू नका.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंगला थांबायचं कळत नाही, एकदा दबली की नाचतच बसते. तिला आवरायचं काम माझं. माझ्या पोटात तेल आहे आणि अंगावर एक खुंटी. खुंटी एका बाजूला फिरवली की मी मऊ होतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की कडक. गाडीबरोबर कंपनीतून आलेल्या साध्या भावांना अशी खुंटी नसते. आम्ही चौघे मागाहून बसवलेले, हौसेचे.

पहिला मालक मनुरेवा नावाच्या उपनगरातला, घरं रंगवायचा. त्याने आम्हाला कायम कडक ठेवलं. मग त्याला जुळं झालं आणि बायकोने सांगितलं, गाडी तरी साधी कर. त्याने आम्हाला पुसून खोक्यात भरलं. विकत घ्यायला आलेल्या क्षितिजला म्हणाला, "ढीगभर मजा आली, ब्रो. नीट ठेव यांना."

क्षितिज पाहिआटुआ गावात दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने आम्हाला बसवलं आणि कडकच ठेवलं. "बघ सुखदा, वळणावर गाडी कशी चिकटून जाते!" सुखदा, त्याची बायको, म्हणायची, "गाडी चिकटते रे, पण माझं डोकं काचेला आपटतं त्याचं काय?" दोघं हसायची.

मग हसणं बंद झालं. त्यांच्या जुईचं खुब्याचं हाड जागेवर नव्हतं. घाटापलीकडे पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि पोरीला कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर घातलं. पाय फाकलेले, बेडकासारखे. त्यासाठी रुंद सीट मिळाली, ती बसली बरोबर माझ्या डोक्यावर. तपासणीला पुन्हापुन्हा घाट ओलांडून जायचं होतं.

पहिल्याच खेपेला मी कडक होतो. रस्त्यावर जरा खड्डा आला की मी तो जसाच्या तसा वर पाठवायचो आणि वरून किंकाळी यायची. आईचा हात प्लास्टरवर, तोंडाने सारखं "झालं हं, आलंच हं".

दुसऱ्या दिवशी क्षितिज कामावर गेला तशी सुखदा ओल्या गवतावर आडवी झाली. चाकामागे हात घालून तिने माझी खुंटी चाचपली आणि पार मऊच्या टोकापर्यंत फिरवली. फक्त माझी! बाळाच्या खाली दुपटं घालावं तसं. बाकी तिघांकडे बघितलंसुद्धा नाही. जुई माझ्यावर बसते ना, मग मीच मऊ हवा, असा तिचा हिशेब.

मला तेव्हा बरंच वाटलं. पुढच्या खेपेला कळलं काय झालंय ते. खड्डे कमी लागले खरे, पण वळण आलं की माझा कोपरा हेलकावे खायचा. तीन भाऊ एका तालात आणि मी होडीसारखा. घाटमाथ्यावर पवनचक्क्यांपाशी जुईला भडाभडा उलटी झाली. सगळी प्लास्टरच्या काठावर.

नर्सने पुसून दिलं. म्हणाली, या वेळी वाचलं. आत गेली असती तर प्लास्टर कापून, मुलीला परत भूल देऊन नवीन घालावं लागलं असतं. परत भूल! 

घरी आल्यावर क्षितिजने गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. तिघे एकदा वर येऊन थांबले. मी डुलतच राहिलो.

"याला कोणी हात लावला?"

"मी," सुखदा म्हणाली. "तिच्याखाली तेवढं मऊ केलं."

"अगं, ही काय गादी आहे? दोन्ही बाजू सारख्या लागतात. गाडी वळणावर फेकली गेली असती!"

"मग कर दोन्ही बाजू मऊ. पण माझ्या पोरीला दणका बसता कामा नये."

त्याने वैतागून चौघांनाही मऊ केलं. गल्लीत एक चक्कर मारून आला. "घे, लोण्यासारखी चालतेय."

"तुला पुढून काय कळतंय?" तिचा आवाज चिरकला. "स्टिअरिंग तुझ्या हातात असतं. तू बस मागे, जुईच्या जागेवर. मी चालवते."

"तू? घाटात?"

तिच्याकडे लायसन्स होतं, पण घाटात तिने कधी गाडी घातली नव्हती. तरी शनिवारी जुईला शेजारच्या सुचित्राताईंकडे ठेवलं आणि निघाली. क्षितिज मागे, मांडीवर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी. तिचे हात घामाने ओले. मागे दुधाचा टँकर लागला तेव्हा "आई गं" म्हणाली, पण गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ दिलं.

वळणं सुरू झाली आणि वाटी क्षितिजच्या पँटवर सांडली.

"सुखदा, जरा हळू."

"हळूच आहे."

"पोटात ढवळतंय गं. थांब ना, थांब!"

तिने गाडी कडेला घेतली. तो दार उघडून खाली बसला, तोंड पांढरंफटक. ती पाण्याची बाटली घेऊन आली. "तुला थांब म्हणता तरी येतं," ती म्हणाली. "तिला तेही येत नाही."

तो उठला आणि माझ्याशेजारी गुडघे टेकले. खुंटी कडककडे थोडी फिरवली, उजव्या भावाचीही तेवढीच, मग पुढच्या दोघांची. वाटी भरून परत मागे बसला. त्याच चढावर ते वर गेले, खाली आले. हेलकाव्याने पाणी सांडलं की खुंटी एक खाच कडक, दणक्याने उडालं की एक खाच मऊ. शेवटी वळणावर पाणी नुसतं काठाला लागून परत आलं आणि खड्ड्यावर थरथरून थांबलं.

"इथेच," मागून क्षितिज म्हणाला. "आता हात लावायचा नाही. आणि सोमवारी तूच चालव. मी बसतो तिच्याजवळ."

सोमवारी मी जिवाचं रान केलं. चढ, वळण, खड्डा, गोठ्यासमोरची उखडलेली जागा, सगळं पोटातल्या तेलात जिरवलं. पवनचक्क्या गेल्या तरी वरून आवाज नाही. सुखदा घाबरली. "काय झालं रे? श्वास घेतेय ना?"

"झोपलीय," क्षितिज कुजबुजला. "घोरतेय चक्क."

पुढच्या सगळ्या खेपांना प्लास्टर कोरडं राहिलं. परत भूल द्यावी लागली नाही. ठरलेल्या दिवशी ते कापलं, आणि गाडीत परत आले ते दोन बारीक, पांढुरके, मोकळे पाय.

आता मी म्हातारा झालोय. सीलमधून थोडं तेल पाझरतं, खुंटी गंजून त्याच जागी घट्ट बसलीय. लवकरच क्षितिज नवे शॉकअप आणेल. माझं काही म्हणणं नाही. त्यांना बसवताना एवढंच करा, गाडीतल्या सगळ्यात लहान माणसाच्या जागेवर एकदा स्वतः बसून बघा. पुढे बसून गाडी कळत नाही.

आज सकाळी जुईने आईचा हात झटकला. "नो आई, मी!" रबरी जँडल चप्पल घातलेला पाय दाराच्या उंबऱ्यावर ठेवला, दुसरा उचलला आणि धपकन आत उडी मारली.

मी एकदा दबलो, एकदा वर आलो, आणि थांबलो.