लामूच्या ओट्यावरची बकरी

मित्रांनो, मी एक जुनी बकरी आहे, पण मी कधी गवत खाल्लेले नाही. घाबरू नका. तुमच्याकडे मला खवणी म्हणतात. इथे लामू बेटावर मात्र नारळ खवायच्या लाकडी पाटाला सगळे म्बुझी, म्हणजे बकरीच म्हणतात. चार पाय, पुढे काढलेली मान आणि तिच्या टोकाला लोखंडी दात, म्हणून हे नाव पडले. माझ्या पाठीवर बसायचे, दातांवर नारळाची वाटी फिरवायची, की खाली परातीत पांढरेशुभ्र खोबरे पडते.

माझा जन्म शेजारच्या पाते बेटावर, सियू गावात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला एकाच फळीतून असे कोरले की दोन भाग एकमेकांत अडकूनही सुटे राहिले. त्यामुळे मला घडी करून भिंतीला टेकवता येते. माझ्या पाठीवर त्याने वेलबुट्टी काढली. "लोक हिच्यावर बसणार, नक्षी बघणार कोण?" असे त्याच्या बायकोने विचारले. तो म्हणाला, "उठल्यावर बघतील की!"

लग्नात मिळालेली भेट म्हणून मी बी सोमोए, म्हणजे सोमोएबाई, यांच्या घरी आले. त्यांचा हात स्वयंपाकात असा, की गल्लीतून जाणारा माणूस त्यांच्या दारापाशी हटकून रेंगाळायचा. पुढे नवरा गेला, मुली सासरी गेल्या, पण दारापुढचा दगडी ओटा काही रिकामा राहिला नाही. शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की तिथे हौशी मंडळी जमायची. कोणी वाळूत सापडलेले जुन्या चिनी बशीचे तुकडे आणी, कोणी आजीच्या तोंडून ऐकलेला विसरलेला पदार्थ सांगे, कोणी नुसत्या थापा मारी. नियम एकच होता. ज्याच्या गोष्टीला कोणी हसले नाही आणि कोणी 'मग?' असेही विचारले नाही, त्याने बकरीवर बसून सगळ्यांसाठी नारळ खवायचे.

आणि मित्रांनो, बकरीवर नेहमी एकच माणूस बसे. अथमान शिंपी. स्वभावाने अगदी मऊ. त्याने तोंड उघडले रे उघडले, की नाखवा फमाऊ हात वर करत.

"अथमान, पुरे! नारळ वाट बघतोय."

नाखवा म्हणजे ओट्याचे राजे. जन्म समुद्रावर गेलेला, आवाज शिडाच्या दोरासारखा खरखरीत. सगळे हसत, आणि अथमान मुकाट्याने माझ्यावर येऊन बसे. पण त्याचा हात! वाटी फिरवताना तो कधीच दांडगाई करत नसे. खोबरे संपून करवंटी लागायच्या आत तो थांबे. काम झाल्यावर माझे दात पुसून, उन्हात वाळवून मगच तो घरी जाई.

मध्ये एक वाईट काळ आला. बी सोमोए घाटावरच्या शेवाळावर घसरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मुलीने मोम्बासाहून नारळाच्या दुधाचे डबे पाठवले. त्या वर्षी अथमान भावाच्या दुकानात मदतीला मालिंदीला गेलेला. मी जिन्याखाली पडून राहिले. दातांना गंज चढला, नक्षीत कोळ्यांनी घरे केली. ओट्यावर हसू ऐकू येई, पण माझ्या पाठीवर कोणी बसत नसे. परत आल्यावर अथमानने पहिल्याच शुक्रवारी डब्यातल्या दुधाचा भात चाखला, ताट बाजूला ठेवले, मला बाहेर काढले आणि लिंबू आणि राख घेऊन घासत बसला.

"अरे, आज तुझी गोष्टसुद्धा झाली नाही आणि तू बकरीवर?" बी सोमोए म्हणाल्या.

"म्हटलं, हरायचंच आहे तर वेळ कशाला घालवायचा!" अथमान म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी मोम्बासाचे बाबू मफ्ताह एका लग्नाला लामूला आले. त्यांच्याकडेही अशीच हौशी मंडळी होती आणि मफ्ताह तिचे म्होरके. ओट्यावर पाहुणा म्हणून बसले, दोनदा वाढून घेऊन जेवले आणि बोटे चाटत म्हणाले, "भात छान आहे हो, बी. आमच्याकडे आजारी माणसाला असाच देतात."

बी सोमोएंनी पळी खाली ठेवली.

"आजारी माणसाला? आणि बरा झाल्यावर तो परत लामूलाच येतो ना जेवायला?"

शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. समुद्रकाठच्या जत्रेत दोन्ही गावांनी उतरायचे. एक पदार्थ, एक जुनी नवलाईची वस्तू आणि एक हसवणारा किस्सा. निवाडा पातेच्या बी खेरी यांनी करायचा. त्या म्हाताऱ्या सुईणीला हसताना कोणी पाहिले नव्हते. हरणाऱ्याने भर धक्क्यावर कबूल करायचे, की दुसऱ्यांचा भात सरस.

"आणि हरलो तर आमच्याकडून एक बकरी!" मफ्ताह म्हणाले. "तुमच्याकडून?"

नाखव्यांनी डोळ्याची पापणीही हलू दिली नाही. "आमच्याकडूनही बकरी. वयानं जुनी आहे, पण दात शाबूत आहेत."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझा जीव उडाला. माझीच पैज लावली होती!

जत्रेच्या दुपारी धक्का माणसांनी फुलून गेला. पैजेची म्हणून मलाही तिथे नेले होते. पहिली पाळी नवलाईची. आमच्या मंडळींनी निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा मांडला. मफ्ताह यांनी एक प्रचंड कुलूप काढले. त्यांच्या पणजोबांच्या पेटीला हे कुलूप होते आणि किल्ली हरवली होती. पेटीत सोने असणार म्हणून तीन पिढ्या भाऊ भाऊ भांडले. शेवटी पेटी फोडली, तर आत फक्त किल्ली! बी खेरींनी मान हलवली. पहिली पाळी मोम्बासाची.

दुसरी पाळी जेवणाची. त्या सकाळी अथमानने माझ्यावर बसून ताजे नारळ खवले होते. बी सोमोएंनी त्या दुधात भात शिजवला आणि निखाऱ्यावर भाजलेल्या माशावर घट्ट दूध, चिंच आणि मिरचीचे दाट वाटण ओतले. बी खेरींनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग ताटच मांडीवर ओढले. दुसरी पाळी आमची.

राहिला किस्सा. तो नाखवा फमाऊ सांगणार होते. पण नाखवा होते कुठे? सकाळी आणखी मासे आणायला गेलेली त्यांची होडी परतताना ओहोटीत सापडली आणि समोरच्या खारफुटीच्या चिखलात रुतून बसली. धक्क्यावरून ते स्पष्ट दिसत होते. दोन्ही हात हलवून किस्सा ओरडून सांगत होते, पण वाऱ्यामुळे एक अक्षर कळत नव्हते.

मफ्ताह यांनी आपला किस्सा सांगितला. गर्दी हसली. बी खेरी काडीने दात कोरत राहिल्या.

"लामूकडून कोण?" त्यांनी विचारले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बी सोमोएंनी शिंप्याकडे बोट दाखवले. अथमानने मला जवळ ओढले.

"मी... मी बकरीवर बसून सांगू? हाताला काम नसलं तर माझी जीभ चालत नाही."

त्याने मला उलगडले, माझ्यावर बसला आणि वाटी फिरवत बोलू लागला.

"माझे आजोबाही शिंपी. गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. साहेबाला नवी विजार हवी होती. म्हणाला, माप घ्यायला दोन वाजता ये."

इथे एक सांगते. आमच्याकडे घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे आठ म्हणजे आमचे दोन.

"आजोबा दोनला, म्हणजे भल्या सकाळी हजर. साहेब झोपेच्या कपड्यात. चिडला. म्हणाला, उद्या दहाला ये. आजोबा आपले दहाला, म्हणजे संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गेले. साहेब फिरायला गेलेला. मग साहेबानं हट्टानं आपल्या लामूचं घड्याळ शिकून घेतलं. आणि आजोबांनी साहेबाचं. झालं! पुन्हा चुकामूक!"

कोणीतरी फिस्सकन हसले. अथमानची वाटी आता लयीत फिरू लागली.

"शेवटी आजोबांनी साहेबाच्या दोरीवर वाळत घातलेली विजार मोजली. ती निघाली स्वयंपाक्याची. आणि स्वयंपाकी म्हणजे दोन माणसांचा एक! साहेबाच्या निरोपाचा दिवस आला. याच धक्क्यावर. साहेब एका हातानं सलाम करतोय, दुसऱ्या हातानं विजार धरतोय. तेवढ्यात गावच्या वडीलधाऱ्यांनी पुढे केली आंब्यांची टोपली. दोन हातांची!"

अथमान थांबला आणि शांतपणे खवत राहिला.

"मग?" बी खेरी म्हणाल्या.

"मग काय, बी. टोपली घ्यावी तर साहेबाची अब्रू जाते, न घ्यावी तर गावाची. साहेबानं टोपली घेतली. विजार गेली खाली. पण टोपली मोठी, कोणाला काही दिसलं नाही. साहेब टोपली धरून उभाच. भोंगा झाला, जहाज सुटायला आलं. सगळे म्हणतात, साहेब, चला. साहेबाच्या डोळ्यांत पाणी. म्हणतो, नाही, मला लामू सोडून पाऊल टाकवत नाही! आणि बी, अख्खं गाव रडलं हो! आजोबा म्हणायचे, गावावर इतकं प्रेम करणारा साहेब पुन्हा झाला नाही."

मग बी खेरींच्या पोटातून असा आवाज आला, की पायाशी बसलेली मांजर पळाली. त्या हसल्या! गुडघ्यावर थापा मारत, डोळे पुसत, "टोपली... टोपली" म्हणत हसल्या. सगळा धक्का हसला. मफ्ताह तर हसता हसता भातावर कोसळायचेच बाकी होते. लामू जिंकले! लोकांनी अथमानला उचलले, आणि त्याने मला सोडले नाही म्हणून मीही उचलले गेले. त्या उंचीवरून मी पहिल्यांदा इतका मोठा समुद्र पाहिला.

कमरेपर्यंत चिखलात माखलेले नाखवा धापा टाकत पोचले, तेव्हा मफ्ताह खऱ्या बकरीची दोरी बी सोमोएंच्या हातात देत होते.

"कबूल! लामूचा भात सरस," ते मोठ्याने म्हणाले. "पण तुम्ही हरला असतात, तर तुमची बकरी कुठे होती?"

"ही काय!" बी सोमोएंनी मला पुढे केले.

"लाकूड? हे लाकूड घेऊन मी मोम्बासाला जाणार होतो?"

"दात शाबूत आहेत म्हटलं होतं की," नाखवा म्हणाले. "गवत खाते का, ते तुम्ही विचारलंच नाही!"

मग नाखवा अथमानकडे वळले. "असा किस्सा पोटात ठेवून इतकी वर्षं हरत राहिलास? का रे?"

अथमानने खोबऱ्याची परात सारखी केली. "जिंकलो असतो तर नारळ तुम्ही खवला असता, नाखवा. तुम्ही खवलेल्या खोबऱ्यात निम्मी करवंटी असते. आणि तुम्ही नसतात, तर बींनाच खवावं लागलं असतं, आता तर मोडक्या मनगटानं."

बी सोमोएंनी तोंडावर पदर ओढला, पण त्या हसत होत्या की आणखी काही, ते मला दिसले नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे, पण रिकामी नाही. तुमच्या घरातल्या जुन्या अवजारांना अडगळीत टाकू नका. त्यांना घासा, पुसा, वाळवा आणि कामाला लावा, कामाने आम्ही झिजतो पण गंजत नाही. आणि तुमच्या टोळक्यात कोपऱ्यात बसून गप्प काम करणारा कोणी असेल, तर त्याच्या हातावर हात ठेवून एवढेच म्हणा, "मग?"